जीपचं अंदाजपत्रक

नंदकुमारांच्या अंदाजपत्रकात अकरा ओळी होत्या. पट्टीने आखलेल्या, लाल शाईने क्रमांक घातलेल्या, आणि तळाशी दुहेरी रेघेवर एकूण रक्कम रुपये एक लाख बारा हजार चारशे फक्त. त्यातलं ‘फक्त’ वाचूनच अरुणाबाई सावध झाल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याने ज्या कागदावर ‘फक्त’ लिहिलं तो कागद तेवढ्यावर थांबल्याचं त्यांना एकदाही आठवत नव्हतं.

आणि आठवायचं तर त्यांना सगळंच. कोपरखैरण्याच्या ह्या घराला एकोणनव्वद साली जाळ्या बसवल्या तेव्हा जाळ्यांचा हिशोब चोख होता, भिंतीला भोकं पाडणारा गवंडी मात्र त्यात नव्हता. त्या वेळी समोर इमारती नव्हत्या. खाडीवरून सरळ वारा यायचा आणि दोन महिने त्या जाळ्या त्याच वाऱ्यात गॅलरीत वाजत होत्या. शहाण्णव साली फ्रीज आणला. स्वयंपाकघराचा कोपरा नंदकुमारांनी तीन वेळा मोजला होता, दार मोजायचं राहिलं. फ्रीज चार दिवस जिन्यात उभा होता. घरातून वायर ओढून तो चालू केल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात आपापलं दूध ठेवलं, आणि पाचव्या दिवशी चौकट काढायला सुतार आला तेव्हा तळमजल्यावरच्या एका बाईंनी एवढी घाई कशाला म्हणून नाराजीसुद्धा दाखवली.

ह्या वेळी कागदावर जीप होती.

चारही चाकं ओढणारी, पंधरा वर्षांची, शेवाळी रंगाची. नंदकुमारांच्या ऑफिसातले जुने सहकारी उदयसिंह कायमचे लेकीकडे नागपूरला निघाले होते, त्यांच्याकडून ती फेब्रुवारीत विकत घेतली. ही हौस नाही, असं नंदकुमार प्रत्येकाला सांगत. अरुणाबाईंची थोरली बहीण, गिरजाबाई, म्हणजे आक्का, पोलादपूरच्या पुढे डोंगरावरच्या वाडीत राहायची. वय चौऱ्याऐंशी. एसटी खाली सोडते, पुढे तीन किलोमीटर दगडाधोंड्यांचा चढ. अरुणाबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, बहिणी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. जानेवारीत गिरजाबाईंना चक्कर आली. शेजारच्या घरातल्या पुतण्याने फोन करून सांगितलं, आणि मग फोन आक्काच्या हातात दिला. आक्का एवढंच म्हणाली, “एकदा येऊन जा गं.”

आक्का असं म्हणणारी बाई नव्हती. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की अरुणाबाईंचा हात पदराकडे जायचा. मृग लागला की तो चढ बंद, मग दिवाळीपर्यंत वाट नाही, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी दिवाळी फार लांब असते. सात जूनच्या आत जायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरली होती. खालून भाड्याची जीप करू, हेही त्यांनी सुचवून पाहिलं. नंदकुमारांनी चष्मा काढून विचारलं, की मग हे अंदाजपत्रक कशासाठी केलं?

अंदाजपत्रकाच्या डोक्यावर त्यांनी, ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे, एक ओळ लिहिली होती : ‘गृहीत : शेवटचे तीन कि.मी. कच्चा रस्ता.’ आणि ह्या गृहीतावर सनीने खर्चाच्या दहा ओळींचा मनोरा चढवला.

सनीचं रबाळ्याला गॅरेज होतं. पस्तिशीचा, दाढीवाला, मनाने चांगला माणूस. पण गाडी आहे तशी चांगली आहे, हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नसावं. “काका, अशी गाडी वर चढनार नाय,” तो म्हणाला. “मधीच बसेल. मग काकींना टेन्शन.” काकींना टेन्शन आधीच होतं. मोठी चाकं हवीत, गाडी चार इंच वर उचलायला हवी, पुढे लोखंडी दांड्यांचा पिंजरा, टपावर दिवे, आणि एक काळं नळकांडं, जे काचेच्या बाजूने वर जातं आणि ज्यातून गाडी पाण्यात बुडाली तरी श्वास घेते. पोलादपूरच्या पुढे डोंगरावर गाडी बुडण्याइतकं पाणी मे महिन्यात कुठून येणार, असं अरुणाबाईंनी विचारलं. दोघांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

अकराव्या ओळीत जमा होती. ‘जुन्या चाकांची व सामानाची विक्री, रु. ६,५००.’ ही ओळ नंदकुमारांची सगळ्यात आवडती. आलेल्या-गेलेल्याला ते तिच्यावर बोट ठेवून दाखवत.

त्या संध्याकाळी अरुणाबाईंनी भाताला तांदूळ घेतले. दोन माणसांचे दीड वाटी, आणि वर एक मूठ. ही वरची मूठ त्यांच्या आईची. मोजून झालं की डब्यात पुन्हा हात घालायचा, कोण कधी दारात उभं राहील सांगता येत नाही. नंदकुमार पंचेचाळीस वर्षं ह्या मुठीवर आक्षेप घेत आले होते. मोजायचं तर मोजा, मग ही मूठ कुठल्या खात्यात? अरुणाबाईंनी त्या अकरा ओळी पुन्हा एकदा वाचल्या. वरची मूठ कुठेच नव्हती.

मग एकेक गोष्ट सुरू झाली. मोठी चाकं चार आली. पाचवं, जादाचं चाक जुनंच राहिलं, आणि सनीने हसत सांगितलं की चार एका मापाची आणि एक दुसऱ्या मापाचं असून उपयोग नाय. पाचवं घेतलं. ते मागच्या जागेत मावेना, म्हणून दारावर टांगलं. दाराला ते वजन पेलेना, बिजागरी वाकली, म्हणून वेगळी चौकट करून घेतली. चाकं मोठी झाल्यामुळे वेगाचा काटा खोटं बोलायला लागला. पन्नासच्या पुढे गाडी अशी थरथरायची की नंदकुमारांच्या हातातलं चक्र नाही, नंदकुमारच फिरतायत असं वाटे. मग ब्रेक. मग विमावाला, ज्याने गाडीचा फोटो पाहून आधी अभिनंदन केलं आणि नंतर जादा हप्त्याचा आकडा सांगितला. प्रत्येक वेळी नंदकुमार घरी येत, पंख्याखाली बसत आणि भिंतीला उद्देशून म्हणत, “हे धरलं नव्हतं.”

पाडव्याला गाडी घरी आली. अरुणाबाईंनी हळदकुंकू, नारळ, चार चाकांखाली ठेवायला चार लिंबं, अशी तयारी केली. सोसायटीतल्या बायका जमल्या. बोनकोड्याची राहीबाईही मासळीची पाटी उतरवून उभी राहिली. तीस वर्षं ती ह्या इमारतीत यायची, आणि अरुणाबाईंच्या घरात मासे शिजत नाहीत हे ठाऊक असूनही रोज दारात थांबून आज काय छान मिळालंय ते सांगून जायची. पूजा झाली. नंदकुमारांनी दार उघडलं आणि अरुणाबाईंना हाताने ‘या’ केलं.

जीपचं पाऊल ठेवायचं ठिकाण अरुणाबाईंच्या कमरेपाशी होतं.

त्यांनी उजवा पाय उचलून पाहिला. डावा उचलून पाहिला. दोन्ही गुडघ्यांनी आपापलं मत दिलं. चार बायकांनी चार उपाय सांगितले, एकीने तर पाठमोरं बसून वर सरकायला सांगितलं, आणि ते करून पाहण्याइतक्या अरुणाबाई गांगरल्या होत्या. शेवटी राहीबाईने मागून खांदा लावला. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, पदर लोखंडी पिंजऱ्यात अडकलेला आणि सगळी सोसायटी बघतेय, अशा अवस्थेत अरुणाबाईंना पहिल्यांदा लख्ख जाणवलं, की जिच्यासाठी ही गाडी वर उचलली, तीच हिच्यात बसू शकत नाही.

राहीबाईने त्यांना अलगद खाली घेतलं आणि गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ही गारी नाय, बाय,” ती म्हणाली. “यो दुसरा मजला हाय. आमचे होरीत चढाला पन फली लागते.”

बायका हसल्या. नंदकुमार हसले नाहीत. पायरी बसवावी लागणार होती, आणि ती धरलेली नव्हती.

पायरीला तीन आठवडे गेले. सनीला ती गाडीला शोभत नाही असं वाटत होतं आणि तो मनापासून टाळाटाळ करत होता. अरुणाबाई रोज कॅलेंडर बघायच्या. आक्काला दर रविवारी फोन जायचा. पूर्वी त्या फोनवर आईच्या गोष्टी निघायच्या, पांढऱ्या गायीच्या, शाळेच्या वाटेवरच्या करवंदांच्या. आता अरुणाबाई बिजागरी सांगायच्या, विमा सांगायच्या, पायरी सांगायच्या. आक्का ऐकून घ्यायची. तिचा आवाज दर रविवारी थोडा बारीक झाल्यासारखा वाटायचा, आणि फोन ठेवल्यावर अरुणाबाईंना वाटे, आपण विचारायचं ते राहिलंच.

एप्रिलच्या शेवटी पायरीसकट जीप घरी आली, आणि पार्किंगमध्ये शिरताना तिच्या टपावरच्या दिव्यांनी छताखालून जाणारा पाइप तोडला. नंदकुमारांनी जीपची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. पाइप पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा होता, न्हाणीघर सोसायटीचे सेक्रेटरी जयदेव पाटील यांचं होतं, आणि त्या क्षणी स्वतः जयदेव त्यात अंघोळ करत होते. साबणाचं पाणी टपावरून, काचेवरून, श्वास घेणाऱ्या नळकांड्यात गेलं. ते नळकांडं कामाला आलं ते एवढंच.

जयदेव टॉवेलावर खाली आले, तुटका पाइप पाहून वर गेले, आणि अर्ध्या तासाने सहीशिक्क्यानिशी पत्र आलं. प्लंबरचा खर्च, पाइपचा खर्च, आणि पार्किंगच्या फाइलसाठी वाहनाच्या नोंदणीची प्रत, दोन्ही बाजू. नंदकुमारांना ह्यातला अपमान नेमका कुठे आहे ते दोन दिवस ठरवता आलं नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांकडून ‘दोन्ही बाजू’ मागितलेला माणूस तो. शेवटी त्यांनी प्रत काढली आणि स्वतः नेऊन दिली.

जयदेवांनी पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली. “काका, मुदत एकतीस मेला संपतेय. पंधरा वर्ष पूर्ण. परत पासिंग करायला लागेल, गाडी तपासतात. तुमी मागची बाजू बगितली नाय?”

नंदकुमारांनी मागची बाजू बघितली नव्हती. घरी येऊन ते पंख्याखाली बसले. ह्या वेळी त्यांनी ‘धरलं नव्हतं’ही म्हटलं नाही, आणि अरुणाबाई घाबरल्या त्या तेव्हा. नवरा बोलतोय तोवर त्यांना आधार वाटायचा. त्यांनी पाणी दिलं आणि आतल्या आत आकडे मोजले. आज दोन मे. सात जूनला छत्तीस दिवस.

आरटीओच्या मैदानात तपासणारा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने नोंदणीचं कार्ड पाहिलं, मग जीप पाहिली, मग पुन्हा कार्ड. चाकांचं माप वेगळं, उंची वेगळी, पुढचा पिंजरा कुठल्याच कागदावर नाही. “काका, कागदावर जी गाडी आहे ती आणा,” तो म्हणाला. “ही मी ओळखत नाही.”

नंदकुमारांनी वाद घातला नाही. उलट त्यांची मान नकळत मान्य असल्यासारखी हलली. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी ते आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं, आणि पलीकडच्या बाजूने ते कसं ऐकू येतं हे आज कळत होतं.

आता गाडी पुन्हा होती तशी करायची. सनीने पिंजरा काढला, दिवे काढले, नळकांडं काढून भोक बुजवलं, गाडी चार इंच खाली घेतली, आणि प्रत्येक काढण्याचे घालण्याएवढेच पैसे सांगितले. काढताना त्याचा चेहरा एखाद्याच्या अंगावरचे दागिने उतरवावेत तसा झाला होता. राहिली मूळ चाकं. अकरावी ओळ. ती ज्याला दिली होती त्या तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे आता नव्हती. त्याने ती केव्हाच विकली होती, आणि चौकशी करत करत नंदकुमार बोनकोड्याला पोचले, तेव्हा ती चारही चाकं राहीबाईच्या बर्फाच्या पिकअपला सापडली.

अरुणाबाईही सोबत होत्या. राहीबाईने दोघांना खुर्च्या दिल्या, सरबत दिलं, आणि अडून राहिली नाही. भंगारवाल्याला दिले त्याच्याहून एक पैसा तिला जास्त नको होता. पण गाडी रोज पहाटे बंदरावर जाते, चाकांवाचून उभी कशी ठेवू? तेव्हा नंदकुमारभाऊंनी तिला दुसरी चार आणून द्यावीत आणि ही आपली न्यावीत. नंदकुमारांना हे इतकं न्याय्य वाटलं, की त्याच दुपारी त्यांनी कोरी चार चाकं विकत घेतली, टायरसकट, राहीबाईच्या पिकअपला बसवून दिली आणि आपली चार जुनी, बर्फाच्या पाण्याचा आणि बांगड्यांचा वास मारणारी, टेम्पोत घालून रबाळ्याला आणली.

पुलावरून येताना अरुणाबाईंच्या लक्षात आलं, की त्याच मापाची कोरी चाकं सरळ आपल्याच जीपला बसली असती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते प्रसन्न दिसत होते, महिन्याभरात पहिल्यांदा. ‘मूळ प्रत जोडा’ म्हणून हजारो माणसं परत पाठवलेल्या गृहस्थाला मूळ चाकंच हवी होती. काही गोष्टी माणसाला जेवण झाल्यावर सांगायच्या असतात, काही वर्षभराने.

सव्वीस मेला गाडी पास झाली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर असतो हे त्या खिडकीवर कळलं, आणि नंदकुमारांनी मुकाट्याने भरला. अठ्ठावीसला सकाळी दोघं निघाली. जीप फेब्रुवारीत होती तशीच होती, फक्त नळकांड्याच्या जागी एक ठिगळ होतं आणि गाडीत बांगड्यांचा मंद दरवळ होता. अरुणाबाई तिच्यात कुणाच्या मदतीशिवाय चढल्या. पायरी आता लागतच नव्हती.

घाट उतरून चढाच्या पायथ्याशी आल्यावर नंदकुमारांनी गाडी थांबवली. चारही चाकांचा जोर लावायचा छोटा दांडा ओढला. अरुणाबाईंनी दोन्ही हातांनी वरची कडी धरली आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. त्यांच्या मनात एकच होतं, की आक्का वर जागी असावी, ओळखावं तिने. गाडी निघाली. दोन श्लोक झाले, चार झाले. धक्का बसेना. मागून हॉर्न वाजला म्हणून त्यांनी डोळे उघडले.

एक रिक्षा त्यांना ओलांडून वर गेली. आत तीन बायका आणि एक बकरी होती. रस्ता सिमेंटचा होता, कडेला पांढरे पट्टे मारलेला, गुळगुळीत, थेट वाडीपर्यंत.

नंदकुमारांनी तो छोटा दांडा हळूच परत जागेवर ढकलला.

गिरजाबाई ओट्यावर बसून होत्या. वाळल्या होत्या, पण ताठ. ओट्याच्या पायरीवर एक पिवळा कुत्रा आडवा पसरला होता, इतका लठ्ठ की अरुणाबाईंना त्याला वळसा घालून जावं लागलं. आक्कांनी त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. सहा वर्षांचं रडणं दोघींनी दहा मिनिटांत उरकलं.

मग नंदकुमारांनी घसा साफ करून रस्त्याचं विचारलं.

“झाला की दिवाळीच्या आधी,” आक्का म्हणाल्या.

“अगं, मग फोनवर सांगितलं का नाहीस?” अरुणाबाईंनी विचारलं.

“तू विचारलंस कधी? तुझं आपलं जीपचं चाललेलं. मला वाटायचं, सांगू दे तिला. बोलतेय तेवढं बरं.”

नंदकुमार खिशातल्या कागदाच्या घडीला हात लावून बसले. त्या घडीत, सगळ्यात वर, ‘गृहीत’ होतं.

ऊन डोक्यावर आलं तशा आक्का भिंत धरत आत गेल्या. तीन माणसांचे तांदूळ त्यांनी वाटीने मोजून घेतले. वाटी ठेवली, डब्यात पुन्हा हात घातला आणि वर एक मूठ टाकली. तो हात आईचा होता, तीच बोटं, तसाच अंगठा आत वळलेला. अरुणाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, की आता आम्ही आलो ना, आता ही कुणासाठी.

“सवय,” आक्का म्हणाल्या. “सहा वर्षं रोज तुझी म्हणून घालतेय. म्हटलं, न जाणो, आज यायची.”

“आणि नाही आले की?”

आक्कांनी हनुवटीने ओट्याकडे दाखवलं. कुत्र्याने आपल्यावर बोलणं आलंय हे ओळखून शेपटी एकदा आपटली. त्याहून जास्त हलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

नंदकुमारांनी त्या कुत्र्याला शेपटीपासून तोंडापर्यंत नजरेने मोजलं. मग त्यांनी खिशातून तो कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि सवयीने गुणाकार मांडला. एक मूठ चाळीस ग्रॅम, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, सहा वर्षं. अरुणाबाईंनी मागून वाकून पाहिलं. खाली दुहेरी रेघ ओढून त्यांनी नीट अक्षरात लिहिलं होतं : ‘एकूण तांदूळ, सत्त्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम फक्त.’

थोड्या वेळाने त्यांनी पेन पुन्हा उघडलं आणि त्यातलं ‘फक्त’ खोडलं.